मुठीचा हिशेब
(पवनार येथे महिला मदत निधीच्या देणगीदारांच्या बैठकीत केलेलं भाषण)



हा निधी तुमच्या देणग्यांवर चालतो, म्हणून आज तुमचा शाल-नारळ देऊन सत्कार करावा असं काही कार्यकर्त्यांचं म्हणणं होतं. मी विरोध केला. शालींच्या पैशात एखाद्या मुलीची परीक्षा फी भरता येते, हे एक कारण. दुसरं असं की सत्कार झाला की माणूस निवांत होतो आणि पुढच्या रमजानपर्यंत त्याला निधी आठवत नाही.

आपण पवनारला बसलो आहोत. विनोबा 1938 साली धाम नदीकाठच्या जमनालाल बजाजांच्या बंगल्यात राहायला आले. पुढे 1959 साली त्यांनी इथेच स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं. त्यांनी अरबी शिकून कुराणाचा अभ्यास केला, ‘कुराण-सार’ निवडलं, हे आपल्यातल्या पुष्कळांना माहीत आहे. त्यांनी पैशाचे आणि दानाचे जे प्रयोग केले ते मात्र आपण विसरलो. मला आज त्यांच्याबद्दल बोलायचं आहे.

एक प्रयोग सर्वोदय पात्राचा. घरात एक भांडं ठेवायचं आणि घरातल्या लहान मुलाच्या हातून रोज त्यात मूठभर धान्य टाकायचं. मोठ्या माणसाची मूठ नाही, मुलाची. एवढ्याशा धान्याने काय होणार, असं कोणालाही वाटेल. पण देण्याची आठवण रोज होते आणि घर त्या कामाशी बांधलं जातं. दुसरा प्रयोग संपत्तिदानाचा. त्यात विनोबा उत्पन्नाचा सहावा हिस्सा मागत, पण पैसा हातात घेत नसत. दात्याने तो स्वतःकडेच ठेवायचा, सांगितलेल्या कामावर खर्च करायचा आणि हिशेब द्यायचा. मग 1956 साली भूदान चळवळीने गांधी स्मारक निधीची मदत घेणंही बंद केलं. ते पाऊल थोर होतं, पण त्यानंतर कितीतरी ठिकाणी कार्यकर्त्यांचं जाळं विस्कटलं. माझं मत स्पष्ट आहे : पैशाचा मोह सोडावा, पण नियमित पैशाशिवाय नियमित काम होत नाही.

आता आपल्याकडे या.

निधीकडे येणाऱ्या बाईचा प्रश्न बहुतेक वेळा पैशापेक्षा वेळेचा असतो. नवऱ्याने घराबाहेर काढलं, माहेरी भावजयीच्या घरात दोन मुलं घेऊन राहायचं, कोर्टात अर्ज टाकलेला. कायदा आज तिच्या बाजूने आहे. शाहबानोचा निकाल 1985 चा, डॅनियल लतिफीचा 2001 चा, आणि 10 जुलै 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सांगितलं की घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला सर्वसाधारण कायद्याखालीही पोटगी मागता येते. अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो 60 दिवसांत निकाली काढावा, असंही कायद्यात लिहिलं आहे. या ‘शक्यतो’मध्ये किती महिने मावतात ते कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेल्या बायकांना विचारा. नवरा नोटीसच घेत नाही, पत्ता बदलतो, वकील पुढची तारीख मागतो. या मधल्या काळात भाडं, शाळा, औषध आणि तारखेला जायचं एसटीचं तिकीट कुठून आणायचं? तिथेच बाई हरते आणि मिळेल त्या तडजोडीवर अंगठा उठवते.

आपला पैसा मात्र येतो वर्षातून एकदा, रमजानमध्ये. जकातीचे अडीच टक्के काढले, फर्ज अदा झालं. बाईला घराबाहेर काढणारा रमजान बघून काढत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. 200 घरांनी महिन्याला 100 रुपये दिले तर महिन्याला 20,000 आणि वर्षाला 2 लाख 40 हजार होतात. एवढी रक्कम एखादा मोठा दाता एका चेकने देऊ शकेल. देत असेल तर घेऊच! पण त्याचं मन बदललं, धंदा बसला, किंवा समितीतल्या बाईशी त्याचं बिनसलं, की निधी बंद. 200 जणांचं एकाच दिवशी बिनसत नाही.

दुसरी गोष्ट जरा कडू आहे. दिलेल्या पैशाचा हिशेब मागणं हा तुमचा हक्क आहे. पावती मागा, ऑडिट बघा. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या संस्थेला तो ठेवावाच लागतो. पण “ती कोणाची मुलगी? तलाक का झाला? चूक कोणाची होती? बुरखा घालते का?” हे विचारायचा हक्क पैशाबरोबर येत नाही. शिलाई मशीन हातात देऊन फोटो काढून तो मोहल्ल्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा, हे तर बंदच करा. मदत कोणाला द्यायची ते बायकांची समितीच ठरवेल, आणि तिथे देणगीदारांचा प्रतिनिधी नको असं मला वाटतं. ब्रह्मविद्या मंदिरातल्या बहिणी स्वतःचे निर्णय सर्वसहमतीने स्वतः घेत आल्या आहेत. विनोबांसारखा माणूस समोर असतानाही ते जमलं. आपल्यासारख्यांनी तर बाजूला व्हायला हरकत नसावी.

जकात आणि लिल्लाह यांचा हिशेब मात्र वेगळा ठेवू. सूरह तौबामध्ये जकातीचे आठ हकदार सांगितले आहेत, आणि बहुतेक उलेमांच्या मते ती गरजू मुसलमानांनाच द्यायची असते. नफली सदका कोणालाही देता येतो. आपल्या निधीचं दार दलित, आदिवासी, कुणबी, कोणत्याही बाईला उघडं राहायला हवं, म्हणून महिन्याचे 100 रुपये लिल्लाह म्हणून द्या. देताना मनात शंका राहणार नाही.

व्यवहाराचं थोडं. 2,000 रुपयांवरची देणगी रोख दिली तर करसवलत मिळत नाही, बँकेतून द्या. तुमचा भाऊ दुबईत किंवा रियाधला असेल आणि पासपोर्ट भारतीय असेल, तर स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेली त्याची देणगी कायद्याने परदेशी मदत ठरत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या नातेवाइकांचं तसं नाही. परवान्याशिवाय त्यांचे पैसे घेता येणार नाहीत, प्रेमाने नको म्हणायचं.

फॉर्म मागच्या टेबलावर आहेत. त्यावर रक्कम लिहिण्याआधी महिन्याची तारीख लिहा, म्हणजे समितीतल्या बायकांना कोणत्या आठवड्यात हातात किती पैसे असतील ते आधी कळेल. ज्यांच्याकडे कमाई नाही अशा कॉलेजच्या मुला-मुलींनी तारखेच्या जागी वार लिहावा. कोर्टात बाईबरोबर जायला, अर्ज वाचून दाखवायला आणि बाहेर मुलं सांभाळायला माणूस लागतो.