सातासमुद्रांपलीकडचे वर्गबंधू
(उरण येथे समाजाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने मला शिक्षणावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. विषय अफाट आहे. म्हणून त्याची एकच फांदी हाती धरतो. एका देशातील शाळेच्या वर्गाने दुसऱ्या देशातील वर्गाशी संगणकाच्या पडद्यावरून ओळख करून घ्यावी आणि दोघांनी मिळून एखादे काम तडीस न्यावे, असे उपक्रम हल्ली पुष्कळ ठिकाणी चालतात. हे श्रीमंत शाळांचे चोचले आहेत, असा आपल्यांत समज आहे. तो निराधार आहे, एवढे दाखविता आले तरी मला पुरे.

मुळात कल्पना नवी नाही. फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने नावाच्या खेड्यातील शिक्षकाने शंभर वर्षांपूर्वी आपल्या वर्गात लहानसा छापखाना मांडला. मुले गावच्या गोष्टी लिहीत, स्वतः खिळे जुळवून त्या छापीत, आणि ते कागद टपालाने दूरच्या समुद्रकाठच्या शाळेस जात. तिकडूनही उत्तरे येत. आपल्याकडे साने गुरुजींनी १९४९ च्या सुमारास ‘आंतरभारती’चा ध्यास घेतला, त्याच्या मुळाशीही प्रांताप्रांतांतील तरुण मनांनी एकमेकांस ओळखावे हीच तळमळ होती. पुढे १९८८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील व मॉस्कोतील शाळा दूरसंचाराने जोडण्याचा प्रयोग झाला. दोन्ही सरकारे एकमेकांकडे संशयाने पाहत असता मुले मात्र एकमेकांशी बोलू लागली. ‘आयअर्न’ ही जगभरच्या शाळांना जोडणारी संस्था त्यातूनच वाढली.

आता घरचे उदाहरण घेऊ. सोलापूर जिल्ह्यात, माढे तालुक्यात, परितेवाडी म्हणून लहानसे गाव आहे. रणजितसिंह डिसले हे २००९ साली तेथील जिल्हा परिषदेच्या शाळेत रुजू झाले, तेव्हा ती मोडकळीस आलेली इमारत गुरांचा गोठा व कोठार यांच्या मध्ये उभी होती. या शिक्षकाने भारत, पाकिस्तान, इस्रायल, पॅलेस्टाइन, इराक, इराण अशा, परस्परांत वैर असलेल्या देशांतील मुलांच्या जोड्या लावून सहा आठवड्यांचा संवाद घडवून आणला. २०२० साली त्यांना दहा लक्ष डॉलरांचे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले, आणि त्यांतील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांस वाटून दिली. पारितोषिकाचे कौतुक सर्वांनी केले. त्या गोठ्याशेजारच्या शाळेचे कौतुक मला अधिक वाटते.

हे काम चालते कसे? आरंभी बहुधा ओळखीचा खेळ असतो. समोरचा वर्ग कोणत्या देशातील, हे मुलांस सांगत नाहीत. “तुमच्याकडे समुद्र आहे काय?”, “तुम्ही विषुववृत्ताच्या उत्तरेस आहात काय?” असे, ज्यांचे उत्तर होय किंवा नाही एवढेच येईल असे प्रश्न विचारीत त्यांनी नकाशावर ते ठिकाण शोधावयाचे. भूगोलाची अशी उजळणी मी छडीच्या जोरावर कधी होताना पाहिली नाही. नंतर खरे काम. येथे घड्याळाची अडचण येते. आपल्या सकाळी अकराला जपानात दुपारचे अडीच वाजलेले असतात, ते जमते. आपल्या दुपारी दोनला जर्मनीत सकाळचे साडेनऊ किंवा साडेदहा, तेही जमते. अमेरिकेत मात्र त्या वेळी मुले झोपलेली असतात. तेथे पत्रे, चित्रे व ध्वनिमुद्रणे यांवरच भागवावे लागते, आणि माझ्या मते तेच अधिक टिकाऊ असते, कारण मुलाला विचार करून लिहावे लागते.

मग उरणच्या मुलाने परक्या मुलास काय सांगावे? बंदर, पूल, मालवाहू जहाजे ही तर त्याला छायाचित्रांतही दिसतील. आपल्याजवळ सांगण्यासारखे आहे ते मिठागर. फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावर गेरांद येथे आजही समुद्राचे पाणी उन्हात आटवून मीठ पिकवितात. त्यांचा हंगाम उन्हाळ्यात, जून ते सप्टेंबर. म्हणजे आपल्याकडे पावसाने सर्व बुडालेले असते तेव्हा. दोन्ही गावच्या मुलांनी एकाच मिठाची दोन पंचांगे मांडावीत, अवजारांची नावे एकमेकांस सांगावीत, उधाण आणि भांग यांचे दिवस ताडून पाहावेत. परंतु बंदर व नवे नगर यांच्या भरावाखाली पुष्कळ मिठागरे गेली. ज्यांनी त्यांवर घाम गाळला ती माणसे आता म्हातारी झाली. खारबंदिस्ती फुटली की रात्री गाव कसा धावत असे, हे नातवाला कोणी सांगितलेले नाही, कारण त्याने कधी विचारले नाही. परदेशी मूल विचारील, तेव्हा त्याला आजोबांजवळ बसावे लागेल. या उपक्रमातून मला हवे आहे ते मुख्यतः हेच.

भाषेची भीती बाळगू नये. मुलाने आधी मराठीत, किंवा घरात बोलतो त्या बोलीत, लिहावे. इंग्रजी नंतर शिक्षकाच्या मदतीने. एक सावधगिरी मात्र हवी. पडद्यासमोर शिक्षक सदैव हजर असावा, आणि मुलांचे पूर्ण नाव, पत्ता व छायाचित्रे पालकांच्या संमतीवाचून बाहेर जाऊ नयेत.

घारापुरी बेटावर समुद्राखालून वीज पोहोचली ती २०१८ साली. म्हणजे आपल्या तालुक्यात आता सोयीची सबब राहिली नाही. समाजमंदिराची मागची खोली वर्षातून बहुतेक दिवस बंद असते. ती आठवड्यातून दोन दुपारी उघडावी, एक संगणक व मोठा पडदा घ्यावा. सत्काराच्या शाली-श्रीफळांत एक वर्ष काटकसर केली तर खर्चाची तोंडमिळवणी होईल, असा माझा अंदाज आहे. आणि ती खोली केवळ आपल्या ज्ञातीच्या मुलांसाठी नसावी. एका बाकावर बसणाऱ्या मुलांपैकी निम्म्यांनी आत यावे व निम्म्यांनी पायरीवर थांबावे, हे मला पाहवणार नाही. या मुद्द्यावर मंडळात मतभेद आहेत हे मी जाणतो. म्हणूनच तो येथे, सर्वांसमोर, मांडला.

ज्या घरांत मिठागरावर काम केलेली वडीलधारी माणसे आहेत, त्यांनी आपली नावे आज जाण्यापूर्वी चिटणिसांजवळ द्यावीत. दिवाळीच्या सुटीनंतर मुले त्यांच्याकडे वह्या घेऊन येतील.