आधी तळं ठरवा
(न्यू जर्सीतल्या मराठी श्रोत्यांसमोर वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

पत्रिकेत विषय वाचून काही जणांनी मला फोन केले. काहींना बोट घ्यायची होती. काहींना घरातल्या कुणाला तरी ती घेऊ द्यायची नव्हती. आज दोन्ही पक्षांच्या हाती थोडा दारूगोळा लागेल.

प्रश्न ठरलेला असतो : बास मासा धरायला पहिली बोट किती फुटी घ्यावी आणि इंजिन किती एचपीचं? मी विचारतो, कुठल्या तळ्यावर जाणार? ते अजून ठरलेलं नसतं. बोटीचा रंग मात्र ठरलेला असतो.

आपल्या भागात या एका उत्तरावर अर्धा निकाल लागतो. पेनसिल्व्हेनियातलं मार्श क्रीकचं तळं 535 एकरांचं आहे. तिथे पेट्रोलचं इंजिन चालत नाही, फक्त बॅटरीवरची मोटर. बक्स काउंटीतलं नॉकमिक्सन 1,450 एकरांचं, पण तिथे 20 एचपीची मर्यादा. राउंड व्हॅलीच्या तळ्यावर 10 एचपीच्या वर जाता येत नाही. इंजिनांच्या यादीत 9.9 हा विचित्र आकडा दिसतो ना, तो अशाच दहाच्या मर्यादेखाली बसण्यासाठी. आणि होपॅटकाँग, न्यू जर्सीतलं सगळ्यात मोठं तळं, तिथे एचपीचा असा अडसर नाही. म्हणजे ज्याचं घर नॉकमिक्सनपासून वीस मिनिटांवर आहे आणि ज्याला शनिवारी सकाळी तीन तासच मोकळे मिळतात, त्याने दीडशे एचपीची चकचकीत बोट घेतली तर ती वर्षभर ड्राइव्हवेवरच शोभेल. त्याला चौदा ते सोळा फुटांची अॅल्युमिनियमची बोट आणि वीस एचपीचं इंजिन पुरे. हे इंजिन साधारण शंभर पौंडांचं असतं. दोघांनी उचलून गराजमध्ये ठेवता येतं.

मग ती मोठी, ताशी सत्तर मैल पळणारी बोट आपल्या डोक्यात बसली कुठून? स्पर्धांमधून. 1948 साली लुइझियानातल्या होम्स थर्मंड यांनी प्लायवुडची स्कीटर बोट बांधली. बाससाठी खास घडवलेली पहिली बोट म्हणून तिचं नाव घेतात. 1967 साली रे स्कॉट यांनी आर्कान्सातल्या बीव्हर लेकवर मोठी स्पर्धा भरवली आणि पुढच्याच वर्षी त्याच राज्यात फॉरेस्ट वुड यांनी रेंजर बोटींचा कारखाना काढला. स्पर्धेत ठरलेल्या वेळेत वजनकाट्यावर परतावं लागतं आणि दूरच्या खाडीत दुसऱ्याच्या आधी पोचावं लागतं. तिथे वेग म्हणजे पैसा. आपल्याला कोण काट्यावर बोलावतंय? शिवाय आपल्याकडे साधारण एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत मासा अंडी घालतो म्हणून धरलेला बास लगेच सोडून द्यायचा असा नियम आहे. तळण्यासाठी म्हणून बोट घेणाऱ्यांनी बाजारातून सुरमई आणावी, स्वस्त पडेल.

आता समजा तळं मोठं आहे, मर्यादा नाही. मग इंजिन किती? वीस फुटांखालच्या बोटीवर एक छोटी पाटी असते. किती माणसं, किती वजन आणि जास्तीत जास्त किती एचपी, हे तिच्यावर लिहिलेलं असतं. यातला एचपीचा आकडा विक्रेत्याच्या मनातला नसतो, त्याचं गणित कोस्ट गार्डच्या नियमांत दिलेलं आहे. बोटीची लांबी गुणिले मागच्या फळीची, म्हणजे इंजिन टांगतात त्या ट्रान्समची रुंदी. सतरा फूट गुणिले सहा फूट, 102. स्टिअरिंग असेल आणि ट्रान्समची उंची किमान वीस इंच असेल तर याची दुप्पट करायची, 204. त्यातून 90 वजा, 114. पुढच्या पाचाच्या पटीत न्यायचं, 115. झाली मर्यादा. तेवढ्याच लांबी-रुंदीच्या बोटीला स्टिअरिंग नसेल आणि इंजिनाचा दांडा हातात धरून चालवायची असेल, तर सूत्र बदलतं. सपाट बुडाच्या बोटी सोडून बाकीच्यांना आकडा येतो फक्त 60. मागे बसून, एका हाताने दांडा धरून शंभर एचपी आवरणं सोपं नाही. एखाद्याच्या बोटीवर पाटीपेक्षा मोठं इंजिन दिसलं तर ती स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका. विमा कंपनी नाक मुरडेल हा भाग वेगळाच, पण ट्रान्समवर नको तेवढं वजन आणि ओढ येते.

पाटीपेक्षा मोठं नको हे लोकांना पटतं. लहान नको, हे पटवायला वेळ लागतो. 1978 साली बास ट्रॅकरने बोट, इंजिन आणि ट्रेलर एकाच किमतीत विकायला सुरुवात केली. त्याआधी या तीन गोष्टी वेगवेगळ्या जमवाव्या लागत. गिऱ्हाइकाची मोठी सोय झाली. पण एकत्रित किमतीच्या या धंद्यात जाहिरातीतला आकडा छोटा दिसावा म्हणून बोट तीच ठेवून इंजिन लहान लावायची चाल बऱ्याच ठिकाणी चालते. 115 ची पाटी आणि मागे 60 चं इंजिन. विक्रेता म्हणतो, पहिलीच बोट आहे, काय घाई आहे?

घाईचा प्रश्नच नाही. बासची बोट सुरू झाली की आधी पाणी फाडत जाते, नाळ वर, शेपूट खाली. पुरेसा जोर मिळाला की ती पाण्यावर चढते आणि निसटत जाते. यालाच प्लेनवर येणं म्हणतात. एकदा चढली की इंजिनावरचा ताण उतरतो. विक्रेता एकटा चालवून दाखवतो तेव्हा साठ एचपीवरही ती चढते. मग आपण दोघं, दोन मुलं, बॅटऱ्या, भरलेली टाकी आणि दशम्यांचा कूलर घेऊन बसतो, आणि खंबाटकी घाटात चौघांना घेऊन निघालेल्या स्कूटरसारखी तिची गत होते. सगळा थ्रॉटल उघडा, नाळ आभाळाकडे, समोरचं काही दिसत नाही, आणि पेट्रोल मोठ्या इंजिनाइतकंच जळतं. म्हणून पाटीवरच्या आकड्याच्या तीन चतुर्थांशाखाली मी जाऊ देत नाही. पैसे कमी असतील तर बोट दोन फूट लहान घ्या, पण तिला पूर्ण इंजिन द्या.

इंजिनाचा पाण्यातला पंखाही बघा. बहुतेक फोर-स्ट्रोक इंजिनं पूर्ण थ्रॉटलला मिनिटाला पाच ते सहा हजार फेऱ्यांच्या दरम्यान राहायला हवीत. नेमका पट्टा त्या इंजिनाच्या पुस्तिकेत असतो. पूर्ण भार घेऊन फेऱ्यांचा काटा त्याखाली अडकला तर आधी कमी पिचचा, म्हणजे एका फेरीत कमी पुढे ढकलणारा, पंखा लावून बघायचा. एक इंच पिच कमी केला की फेऱ्या साधारण दीडशे-दोनशेने वाढतात. हजारो डॉलरचं इंजिन बदलण्याआधी हे करून बघायला काय हरकत आहे?

मासेमारी मात्र या इंजिनावर होतच नाही. ती होते नाळेवरच्या, पायाने चालवायच्या ट्रोलिंग मोटरवर. तिचा जोर एचपीत नव्हे, पौंडांत मोजतात. भरलेल्या बोटीच्या दर शंभर पौंडांना दोन पौंड जोर, हा कामचलाऊ हिशोब. दीड हजार पौंडांना तीस. पण मार्श क्रीकवर दुपारी वारा सुटला की तीस पौंडांत तुम्ही समोरच्या काठाला लागाल, म्हणून एका बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी 55 पौंडांची घ्या. त्यापुढे गेलात की दोन बॅटऱ्या, मग तीन, आणि त्यांचंही वजन पाटीच्या हिशोबात धरायचं.

जुनी बोट घेणार असाल तर दोन गोष्टी स्वतःच्या हाताने करा. इंजिनाचा खालचा भाग धरून वर-खाली जोर द्या. ट्रान्सम लवला तर आतलं लाकूड कुजलंय, तिथूनच परत फिरा. आणि गिअरचं तेल काढायचा खालचा स्क्रू सैल करून चार थेंब बोटावर घ्या. तेल दुधाळ असेल तर सीलमधून पाणी आत शिरलंय. इंजिन बंद करणारी दोरी, किल स्विच, जागेवर आहे का तेही बघा. 1 एप्रिल 2021 पासून संघराज्याच्या अखत्यारीतल्या पाण्यावर सव्वीस फुटांखालची बोट प्लेनवर असताना चालकाने ही दोरी अंगाला लावणं कायद्याने बंधनकारक आहे.

खरेदी शक्यतो ऑक्टोबरात करा. हंगाम संपलेला असतो, विकणाऱ्याला हिवाळ्यात बोट सांभाळायची नसते आणि भाव उतरतो. जानेवारीत याहून स्वस्त मिळेल, पण तेव्हा तळं गोठलेलं. विक्रेता अंगणात नळाचं पाणी लावून इंजिन सुरू करून दाखवेल आणि ते छान गुरगुरेल. बिनभाराचं इंजिन कुणाचंही गुरगुरतं. घरच्या सगळ्यांना घेऊन, टाकी भरून, पाण्यावर चालवून बघायला तो तयार नसेल तर दुसरी बोट बघा. आता प्रश्न घेतो. ट्रेलरचा प्रश्न विचारणाऱ्यांनी आपल्या गाडीची ओढण्याची क्षमता मॅन्युअलमध्ये आधी बघून ठेवा.