स्वादुपिंडाला किती राबवायचे?



मधुमेही माणसाला डॉक्टर जी गोळी देतात ती रक्तातील साखर उतरविते, एवढे सर्वांना ठाऊक असते. ती कोणाच्या श्रमावर उतरविते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे दहा कोटी मधुमेही आहेत. म्हणजे हा प्रश्न आता घरोघरचा आहे.

ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड ही नावे अनेकांच्या औषधाच्या चिठ्ठीवर असतात. हे सारे सल्फोनिलयुरिया कुळातील. या कुळाचा शोध योगायोगाने लागला. १९४२ साली, ऐन महायुद्धात, फ्रान्समधील माँपेलिए येथे मार्सेल जानबाँ हे विषमज्वराच्या रुग्णांवर एक नवे सल्फा औषध वापरून पाहत होते. रुग्णांची साखर एकाएकी घसरू लागली. काहींना झटके आले. ऑगस्त लुबातिएर यांनी मग कुत्र्यांवर प्रयोग केले. स्वादुपिंड काढून टाकलेल्या कुत्र्यावर औषधाचा काहीच परिणाम होईना! औषध स्वतः साखर जाळत नाही, ते स्वादुपिंडाकडून काम करवून घेते, हे तेव्हाच उघड झाले.

हे काम कसे होते? इन्शुलिन निर्माण करणाऱ्या बीटा पेशीच्या आवरणात पोटॅशियमची सूक्ष्म द्वारे असतात. औषध ती बंद करते, त्यामुळे कॅल्शियमची द्वारे उघडतात. कॅल्शियम आत शिरते आणि साठविलेले इन्शुलिन बाहेर पडते. साखर कमी असली तरी ही द्वारे बंदच राहतात. कॅल्शियमचा हा लोंढा सतत चालू राहिला, तर पेशीत आत्मनाशाची यंत्रणा जागी होऊ शकते. शास्त्रज्ञ तिला नियोजित पेशीमृत्यू म्हणतात. १९९८ साली उंदरांच्या पेशींवर टोलब्युटामाइड या जुन्या औषधाचा असा परिणाम दिसला. २००५ साली कॅथ्रिन मेडलर व सहकाऱ्यांनी मानवी बीटा पेशींवर ग्लिबेनक्लामाइडचा प्रयोग केला, तेथेही तेच आढळले.

मात्र येथे घाई नको. काचपात्रातील पेशी म्हणजे जिवंत माणूस नव्हे. शिवाय १९९८ च्या त्याच प्रयोगात वाढलेल्या साखरेनेही पेशी मेल्या होत्या! म्हणजे गोळीला भिऊन साखर वाढू देणारा त्याच पेशींचा घात करतो. ब्रिटनमधील प्रदीर्घ पाहणीत केवळ पथ्यावर असलेल्या रुग्णांचीही इन्शुलिन निर्मिती वर्षानुवर्षे घटतच गेली. आणि जन्मतः पोटॅशियमची द्वारे सदोष असलेली मुले? त्यांच्यापैकी बहुसंख्य दहा वर्षे केवळ याच गोळ्यांवर उत्तम राहिल्याचे २०१८ साली प्रसिद्ध झाले. अर्थात त्यांचा रोग निराळा, त्यामुळे तेवढ्यावरून निष्कर्ष काढता येत नाही.

२००६ सालच्या एका मोठ्या चाचणीत पाच वर्षांत ग्लिबेनक्लामाइड अपुरे पडण्याचे प्रमाण ३४ टक्के होते, मेटफॉर्मिनचे २१ आणि रोझिग्लिटाझोनचे १५. या चाचणीचा खर्च रोझिग्लिटाझोनच्या उत्पादकानेच केला होता, आणि पुढे २०१० साली हृदयविकाराच्या शंकेवरून त्याच औषधावर भारतात बंदी आली. आकडे वाचताना हेही ध्यानी ठेवलेले बरे. तरीही ग्लिबेनक्लामाइडचा प्रभाव लवकर ओसरतो, ही गोष्ट खरी. पेशी मरतात म्हणून, की त्या थकतात म्हणून, याचा निर्णय या चाचणीने होत नाही.

या गोळ्या स्वस्त आहेत, आणि ज्यांना महागडी औषधे परवडत नाहीत त्यांचा तोच आधार आहे. त्या परस्पर बंद करणे हा अविचार ठरेल. गोळ्या वर्षानुवर्षे चालू असून मात्रा वाढतच असेल, तर औषध बदलण्याविषयी डॉक्टरांना विचारावे. पेशीमृत्यूची शंका अद्याप प्रयोगशाळेत आहे. साखर एकदम उतरण्याचा धोका मात्र घरातच आहे. एकादशीला नित्याची गोळी घेऊन उपाशी राहणाऱ्या आजोबांना दुपारी दरदरून घाम फुटतो, हातपाय कापतात, आणि घरचे त्यास अशक्तपणा समजतात. अशा वेळी ते शुद्धीवर असतील, तर प्रथम साखरेचे पाणी द्यावे; शुद्ध हरपली असेल तर तोंडावाटे काहीही न देता तत्काळ रुग्णालय गाठावे. उपवासाच्या दिवशी गोळीचे काय करायचे, हे डॉक्टरांना आदल्या भेटीतच विचारून ठेवावे.