साडेपाच तासांचा घोळ

पालम असो की परभणी,
एकाच कॉम्प्युटरवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणारे विद्यार्थी आता भेटतात.
त्यांची तक्रारही एकच.
सकाळचे अकरा वाजलेत,
आणि विंडोज सांगतंय, पहाटेचे साडेपाच!

नेमका साडेपाच तासांचा फरक.
इथेच खरी खूण आहे.
भारताची वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे.
मशीनच्या आतलं घड्याळ लिनक्स जागतिक वेळेवर ठेवतं.
विंडोज तेच घड्याळ स्थानिक वेळ समजून वाचतं.
बिघाड कुणातच नाही,
दोघांचा करार झालेला नाही, एवढंच.

विंडोजमध्ये वेळ दुरुस्त केली,
की लिनक्स साडेपाच तास पुढे पळतं.
म्हणून हातानं काटे फिरवत बसू नका.
दोघांना एकच पद्धत लावा.

सोपा उपाय लिनक्समध्ये आहे.
टर्मिनल उघडा.
हळू सांगतो, लिहून घ्या.
टाइमडेटसीटीएल, जागा सोडा,
सेट-लोकल-आरटीसी, जागा सोडा, आणि एक हा आकडा.
इंग्रजी लहान अक्षरांत.
मग विंडोजमध्ये जाऊन वेळ एकदा बरोबर करा.
उन्हाळ्यात घड्याळ बदलणाऱ्या देशांत ही पद्धत त्रास देते.
आपल्याकडे तो प्रश्नच नाही.

मात्र फरक साडेपाच तासांचा नसेल,
तारीखच जुन्या वर्षावर जात असेल,
तर बहुधा मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलाय.
तो बदलून घ्या.
वेळ फार चुकली तर अनेक वेबसाइटही उघडत नाहीत.
ऑनलाइन फॉर्म भरण्याआधी घड्याळ जरूर पाहा.