लेकरू आपलं, गुपितही आपलंच
(प्रभागसंघाच्या मासिक सभेतील भाषण)



एड्सनं आई-बाप गेलेलं लेकरू आजीच्या पदराआड उभं असतं, तेव्हा आपण काय करतो? कुजबुजतो. आमच्या गटातल्या एका आजीचा नातू अंगणात आला की आम्ही आपापली पोरं आत घ्यायचो. मीही घेतली. आज लाज वाटते. सोबत खेळल्यानं, एका ताटात जेवल्यानं एचआयव्ही होत नाही. आणि त्या लेकराला लागण आहे की नाही, हे विचारायचं आपल्याला कारणच काय?

२०१७ चा कायदा सांगतो, एचआयव्हीमुळं शाळेत प्रवेश नाकारता येत नाही.

आता गटानं करायची कामं ऐका. आजीला लिहिता येत नसेल, तर एकीनं सोबत जायचं. बालसंगोपन योजनेत मुलासाठी महिन्याला २,२५० रुपये मिळतात. आई-बापाचा मृत्यूचा दाखला, आधार, शाळेचा दाखला गोळा करून जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात अर्ज द्यायचा. शेती असेल तर तलाठ्याकडं वारसनोंद करून घ्यायची, नाहीतर भाऊबंद सातबारा गिळतात. औषधं चालू असतील तर ती सरकारी एआरटी केंद्रात फुकट मिळतात, एक दिवसही चुकवायची नाहीत. काही अडलं तर १०९८ ला फोन करा.

फक्त एक सांभाळा. ठराव लिहिताना प्रोसिडिंगमध्ये “निराधार बालकास मदत” एवढंच लिहा. आजाराचं नाव नको. वही चार हातांत फिरते, आणि त्या लेकराला याच गावात मोठं व्हायचंय.