कंटेनरचं घर : आधी ऊन मोजूया



गेल्या काही महिन्यांत आमच्या गटांच्या बैठकीत एक विषय फिरून फिरून येतोय. वाळूज, शेंद्र्याकडे कामाला जाणाऱ्या घरांतून तो आला. तिकडे बांधकामावर साहेबांचं ऑफिस, वॉचमनची खोली, सगळं लोखंडी कंटेनरमध्ये असतं. सकाळी क्रेनने ठेवलं की संध्याकाळी आत दिवा लागतो. मग बायका विचारतात, आपलं घर का नाही असं होणार? एका मैत्रिणीने तर गटाकडे कर्जाचा अर्जच दिला. एकटी बाई, दोन लेकरं, पावसात गळणारी पत्र्याची एक खोली. तिला हो म्हणायचं तरी कारण हवं, नाही म्हणायचं तरी कारण हवं. म्हणून आम्ही माहिती काढायला लागलो.

हा डबा मुळात माणसासाठी केलेलाच नाही. १९५६ साली अमेरिकेत माल्कम मॅक्लीन नावाच्या ट्रकवाल्याने माल उतरवण्या-चढवण्याचा वेळ वाचावा म्हणून ५८ डबे जहाजावर चढवून पाठवले, तिथून याची चाल पडली. आज आपल्याकडचा मालही असाच न्हावाशेवा बंदराकडे जातो. दौलताबादजवळ माळीवाड्याला रेल्वेचा कंटेनर डेपो आहे, तिकडून जाता-येता आपण हे डबे पाहतोच. बरीच वर्षं समुद्रात फिरून झाले की ते विकायला निघतात.

डबा मजबूत असतो, यात शंका नाही. जहाजावर एकावर एक थर रचतात, तरी खालचा दबत नाही. आपल्या मराठवाड्यात याला अर्थ आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला दगडमातीच्या जड भिंती आणि माळवदं अंगावर पडून हजारो माणसं गेली. हलकं, एकसंध लोखंडी घर तसं अंगावर कोसळत नाही. पण त्याच जड मातीच्या घरात मे महिन्यात दुपारी झोप लागायची, हेही आपल्या आज्या सांगतात. डब्याचा पत्रा जेमतेम दोन मिलिमीटर जाड असतो. बाहेर चाळीसच्या वर पारा गेला की आत बसवत नाही. थंडीत उलटं, श्वासाची वाफ पत्र्याला लागून पाणी ठिबकतं.

म्हणून आमचं म्हणणं असं, की डब्याचा भाव विचारायच्या आधी ऊन अडवायचा खर्च विचारा. डब्याच्या वर दीड-दोन फूट मोकळी जागा सोडून दुसरं छप्पर घालावं लागतं, चारी बाजूंनी पुढे आलेलं. मधून वारा खेळला पाहिजे. डबा पूर्व-पश्चिम लांब ठेवा, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं ऊन अरुंद बाजूवरच येतं. छताला पांढरा रंग किंवा चुना द्या. आतून भिंतीला रॉकवूल आणि त्यावर सिमेंट शीट लावतात. थर्माकोल स्वस्त पडतं, पण पेटलं तर त्याच्या धुराने जीव जातो. चूल आत नकोच, गॅस असला तरी समोरासमोर दोन खिडक्या हव्यात.

खिडकी कापायची तर मिस्त्री माहितगार पाहिजे. डब्याचं मुख्य वजन चार कोपऱ्यांचे खांब पेलतात, तरी भिंतीच्या नागमोडी पत्र्याचाही जोर असतो. तो कापला की त्या जागी लोखंडी चौकट वेल्डिंग करावी लागते. छताच्या मधोमध पाण्याची टाकी ठेवू नका, तिला वेगळा स्टँड करा. डबा जमिनीवर टेकवून ठेवला तर खालून गंजतो, म्हणून चार कोपऱ्यांखाली सिमेंटचे ओटे हवेत.

आतली जमीन प्लायवूडची असते आणि तिला कीड लागू नये म्हणून बऱ्याचदा विषारी औषध मारलेलं असतं. दारावरच्या लोखंडी पाटीवर त्याची नोंद सापडते. रांगतं लेकरू असलेल्या घरात ते प्लायवूड काढूनच टाकावं. डबा घेताना आत उभं राहून दार लोटून घ्यायला सांगा. कुठून उजेड आला तर तिथे भोक आहे. मात्र बाहेर आपलं माणूस उभं ठेवा, कारण त्या दाराच्या दांड्या बाहेरून लागतात आणि आतून उघडत नाहीत. राहायचं घर करताना ते दार कायमचं उघडं वेल्ड करून साधं दार बसवावं. हे काम उद्यावर टाकायचं नाही.

करंटचंही तसंच. कापलेल्या पत्र्याला वायर घासली तर अख्खं घरच करंट धरतं. वायर पाइपातूनच गेली पाहिजे, चांगलं अर्थिंग आणि ईएलसीबी पाहिजे.

आता मापाचं बघू. वीस फुटी डबा आतून १५० चौरस फुटांच्या आसपास भरतो, अस्तर लावलं की आणखी कमी. बाजेशेजारून दोघींना जायचं तर एकीने थांबायचं. घरकुल योजनेत घर किमान २५ चौरस मीटर, म्हणजे साधारण २६९ चौरस फूट लागतं. वीस फुटी एक डबा त्यात बसत नाही, चाळीस फुटी बसतो. पण घरकुलाचे हप्ते पाया, भिंत, छत अशा टप्प्यांचे फोटो पाहून मिळतात. ज्या बाईचं नाव यादीत आहे, तिने डब्यात पैसा घालण्याआधी ग्रामपंचायतीला लेखी विचारावं. तोंडी "चालेल" कामाचं नाही.

कागद नीट बघा. पक्कं बिल हवं. परदेशी कंपनीचा डबा असेल तर सीमाशुल्क भरल्याचा कागद मागा. जागा आपली आहे ना, गायरान तर नाही ना? आणि ग्रामपंचायतीच्या नमुना आठला बाईचं नाव लागलंच पाहिजे. घर उचलून नेता येतं याचं कौतुक सगळे करतात, पण उद्या दीर येऊन क्रेन लावेल, हेही आम्हाला दिसतं.

त्या अर्जाचं आम्ही असं ठरवलं. वरचं छप्पर, अस्तर, ओटे, वायरिंग, क्रेन, वाहतूक, संडास, सगळं धरून तिने कोटेशन आणायचं. शेजारी गवंड्याचा अंदाजही आणायचा, विटांच्या दोन खोल्या आणि वर पत्रा. दोन्ही कागद पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर वाचू आणि निवड तीच करेल. कर्ज तिला फेडायचंय, मे महिनाही तिलाच काढायचाय.

दुसऱ्या एका गटाला मात्र डबा डाळ आणि बियाणं ठेवायला हवाय. तिथे आम्ही लगेच हो म्हटलं. उंदीर शिरत नाही, कुलूप पक्कं बसतं, रात्री आत कुणी झोपत नाही. माल तेवढा उन्हात कडक वाळवून, लाकडी फळ्यांवर ठेवा. ओली डाळ भरली तर बंद डब्यात बुरशी धरते.