निरंक नव्हे, मोजलेलें

चांदा जिल्हा मध्यप्रांतांत होता तेव्हां गांवांतील जन्म आणि मृत्यु कळविण्याचें काम कोतवालाकडे असे. त्या वहीला ‘कोतवाल बुक’ हेंच नांव पडलें, आणि जातीचा दाखला पडताळतांना आजोबा-पणजोबांची त्यांतील नोंद आजहि शोधली जाते. लिहिणाराच्या मनांत हा उपयोग स्वप्नांतहि नसेल. संगणकांतील नोंदसंग्रह, ज्याला आज सर्रास डेटाबेस म्हणतात, तो या वहीचाच वंशज होय. तो राखणाराची खरी कसोटी यंत्रापेक्षां नोंदींत लागते. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं चांद्यापासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यानें हें चांगलें दाखवून दिलें आहे.

डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनें तेथें १९८६ पासून काम आरंभिलें. उपचाराआधीं मोजणी, हा तिचा आग्रह. गांवांतलाच एक मनुष्य जन्ममृत्यु टिपून ठेवी. शिवाय दर सहा महिन्यांनीं घरोघर स्वतंत्र पाहणी होऊन सुटलेल्या नोंदी हुडकल्या जात. दुहेरी खटाटोप कशाला, असें शहरांत वाटेल. पण पहिल्याच दिवशीं गेलेल्या बाळाला नांव नसतें. तें जन्मलें होतें हेंहि कित्येक घरीं कोणी बोलत नाहीं. बाळंतपण माहेरीं, घर सासरीं. दोन्ही गांवांनीं लिहिलें तर एका बाळाचीं दोन होतात. दोघांनीं एकमेकांवर सोंपविलें तर एकहि उरत नाहीं. म्हणून नोंदसंग्रहांत नांवावर विसंबूं नये. प्रत्येक नोंदीस स्वतःचा क्रमांक असावा, आणि तो पुन्हा दुसऱ्या कोणास देऊं नये. १९६९ चा जन्ममृत्यु नोंदणी कायदाहि बाळाची नोंद नांवाविना करूं देतो. नांव मागाहून भरतां येतें.

१९९९ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत सर्चच्या प्रयोगाचें फळ प्रसिद्ध झालें. ३९ गांवांत शिकवून तयार केलेल्या आरोग्यदूत स्त्रिया घरीं जाऊन नवजात बाळांची काळजी घेत. ४७ गांवें तुलनेसाठीं होतीं. तिसऱ्या वर्षीं पहिल्या गांवांत दर हजार जिवंत जन्मांमागें २५.५ बाळें महिन्याच्या आंत दगावलीं, दुसऱ्या गांवांत ५९.६. आतां श्रोत्यांनीं अशी कल्पना करावी कीं, मोजणी फक्त पहिल्या गांवांत चोख झाली आणि इतरत्र ढिली राहिली. मग जेथें बाळें वांचलीं, तींच गांवें कागदावर अधिक अभागी दिसलीं असतीं! खरें लिहिणारा कागदावर वाईट दिसतो, आणि वरिष्ठांच्या रोषाला भिऊन ‘निरंक’ लिहिण्याचा मोह येथूनच सुरू होतो. ‘एकहि मृत्यु नाहीं’ आणि ‘माहिती आली नाहीं’ या दोन गोष्टींना एकच शून्य देणारा नोंदसंग्रह कितीहि वेगवान असला तरी खोटा समजावा.

बाकी नियम थोडक्यांत सांगण्यासारखे आहेत. चूक सुधारतांना जुनी नोंद पुसूं नये. कोणी, केव्हां बदलली तें शेजारीं असावें. प्रत दुसऱ्या गांवीं ठेवावी, आणि तिच्यावरून सर्व संग्रह पुन्हा उभा राहतो कीं नाहीं, हें अधूनमधून करून पाहावें. पर्लकोटेच्या पुरानें भामरागडची वाट किती वेळां तुटली आहे, हें ज्यांना ठाऊक आहे त्यांना याचें कारण सांगावें लागत नाहीं.

मात्र एकट्यानें राखलेल्या वहीचे दोष एकट्याला दिसत नाहींत. रडून लगेच गेलेलें बाळ एका ठिकाणीं ‘मृत जन्म’ आणि दुसऱ्या ठिकाणीं ‘मृत्यु’ म्हणून लिहिलें जात असेल, तर त्या दोन वह्यांची बेरीज व्यर्थ. समव्यवसायी एकत्र बसले म्हणजेच ही तफावत उघडी पडते. महाराष्ट्रांतील १३ संस्थांनीं आपापल्या क्षेत्रांतील बालमृत्यु मोजून ते एकत्र मांडले. २००१ च्या त्यांच्या अहवालाचें नांव ‘कोवळी पानगळ’. सरकारी आंकड्यांतून पुष्कळ मृत्यु निसटत असल्याचें त्यानें दाखविलें. एका संस्थेचा आंकडा अपवाद म्हणून बाजूला सारतां आला असता. तेरांचा सारतां आला नाहीं. पुढें राज्य सरकारनें डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालीं बालमृत्यु मूल्यमापन समिति नेमली, आणि घरीं जाऊन नवजाताची काळजी घेण्याची पद्धति २०११ पासून देशभर ‘आशा’ कार्यकर्त्यांकडे आली.

१ ऑक्टोबर २०२३ पासून सुधारित कायद्यानें जन्ममृत्यूंच्या राष्ट्रीय नोंदसंग्रहाची तरतूद झाली आहे. त्यांतील एटापल्लीकडची नोंद पुरी होणें, अखेर एखाद्या टोल्यावरील बाईनें ‘आमचें एक गेलें’ असें कोणाजवळ बोलून दाखविण्यावर आणि ऐकणारानें तें त्याच दिवशीं लिहून ठेवण्यावर अवलंबून आहे.